रविवारपुरती ओपन टॉप: आधी छत बघा, मग इंजिन

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: रविवारपुरती एक ओपन टॉप, म्हणजे छत उघडणारी गाडी घ्यायची आहे. राहायला पुण्यात, कोथरूडला. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये एक झाकलेलं पार्किंग रिकामं आहे, रोजच्या कामाला वेगळी गाडी आहे. मुलं मोठी झाली, आता नवरा-बायको दोघंच. महिन्यातून दोन-तीन रविवारी पहाटे निघायचं, ताम्हिणी नाहीतर पाचगणी गाठायची, नाश्ता करून ऊन चढायच्या आत परत. बजेट सगळं धरून 30 लाख. पाहून ठेवलेल्या गाड्या तीन: 2011 ची बीएमडब्ल्यू झेड4 एसड्राइव्ह 35आय, 22,000 किलोमीटर, मुंबई पासिंग. 2012 ची मर्सिडीज एसएलके 350, हरियाणा पासिंग. आणि 2017 ची मिनी कूपर एस कन्व्हर्टिबल, 38,000 किलोमीटर, पुणे पासिंग, सेकंड ओनर. यातली कोणती घ्यावी? शेवटी दोन उपप्रश्न: पोर्शे बॉक्स्टर बजेटमध्ये बसेल का, आणि जगभर जिचं नाव घेतात ती माझदा मियाटा इथे का दिसत नाही?

माझा धंदाच जुन्या युरोपियन गाड्या दुरुस्त करायचा आणि घेणाऱ्यांसाठी तपासून द्यायचा आहे. त्यामुळे गोलगोल न बोलता सांगतो: या तिघींत मी मिनी बघायला जाईन. झेड4 चालवायला तिघींत सगळ्यात भारी, पण ती घ्यायची तर डोळे उघडे ठेवून आणि भाव पाडून. एसएलकेचा नाद हरियाणाच्या कागदांमुळेच सोडेन. आता कारणं.

गाडी निवडताना सगळे एकच विचार करतात, की ती चालवायला कशी आहे. रविवारच्या गाडीला हा हिशोब लागू पडत नाही. तुमची गाडी महिन्यातले दोन-तीन दिवस चालणार आणि उरलेले दिवस बेसमेंटमध्ये उभी राहणार. पावसाळ्यात तर सलग दोन-दोन महिने. म्हणजे तिची खरी नोकरी उभं राहण्याची आहे. उभ्या गाडीची बॅटरी बसते, सील सुकतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, टायर एका जागी दबतात, छतातला कचरा ओला होऊन ड्रेनच्या, म्हणजे पाणी उतरायच्या नळ्या तुंबतात, आणि उंदरांना घर मिळतं. इंजिनाचा घोडा केवढा मोठा, यापेक्षा हे सगळं कोणती गाडी निमूटपणे सोसते ते बघायचं.

म्हणून सुरुवात छतापासून. बंद गाडी आणि ओपन टॉप यांच्यात महागडा फरक तोच आहे. इंजिनचं काम करणारे मिस्त्री पुण्या-मुंबईत हवे तितके आहेत. छताची हायड्रॉलिक्स समजणारे बोटावर मोजण्याइतके, आणि छताचे पार्ट मागवले की महिनोन्महिने वाट बघा.

झेड4 च्या या पिढीला (कारखान्याच्या भाषेत ई89, 2009 ते 2016) दोन तुकड्यांचं ॲल्युमिनियमचं घडीचं छत आहे. बटण दाबलं की वीसेक सेकंदांत सगळं डिकीत जाऊन बसतं. बघायला झकास. बंद असताना खरोखर कूपे (पक्क्या छताची दोन दारी गाडी) वाटते, आवाज कमी, पार्किंगमध्ये कुणी ब्लेड मारून कापड फाडेल ही भीती नाही. पण त्या घडीच्या पोटात पंप, सिलिंडर, सेन्सर आणि वायरिंगचा भारा आहे. या गाडीचं ठरलेलं दुखणं म्हणजे डिकीच्या बिजागरीजवळून जाणारा वायरिंगचा हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा. छत जितक्या वेळा उघडमिट होईल तितक्या वेळा तो वाकतो, आणि एक दिवस आतली तार तुटते. मग छत अर्ध्यात थांबतं, डिकी उघडत नाही किंवा बंद होत नाही. तार जोडणं तसं स्वस्तातलं काम, पण ती शोधण्यात दिवस जातो. ज्याने हे आधी पाहिलेलं नाही तो मिस्त्री बिनधास्त नवा पंप मागवून मोकळा होतो.

जाता जाता एक सांगून ठेवतो. घडीच्या पत्र्याच्या छताच्या गाड्यांत, झेड4 काय नि एसएलके काय, डिकीत एक पडदा किंवा फळी असते. सामान आणि छत यांच्यामधली ती सीमारेषा. ती जागेवर नीट लावलेली नसेल तर छत हलतच नाही. गाडी बघायला गेलात आणि मालक कपाळाला हात लावून "काल तर चालत होतं हो" म्हणाला, तर आधी ती फळी बघा. कधी कधी खरंच तेवढंच असतं. आणि कधी कधी "फळीचा सेन्सर आहे फक्त, पाचशे रुपयांचं काम" असं सांगून दोन लाखांचं काम गळ्यात मारतात. पाचशेचं असेल तर त्याने करून द्यावं, मग आपण टोकन द्यावं.

मिनीचं छत कापडाचं. अठराएक सेकंदांत उघडतं, ताशी 30 किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीत उघडता येतं, आणि पुढचा भाग तेवढा सरकवून सनरूफसारखंही वापरता येतं. ही शेवटची सोय कागदावर फालतू वाटते. पण आपल्याकडे साडेनऊनंतरच्या उन्हात पूर्ण छत उघडं ठेवून बसलात तर डोकं तापतं, तेव्हा प्रत्यक्षात वापरलं जातं ते हेच. कापडाला भाग कमी, वजन कमी, त्यामुळे बिघडायला जागा कमी. कापड म्हातारं होतं, पण ते डोळ्यांना दिसतं. हायड्रॉलिक पंप म्हातारा झालेला दिसत नाही.

आता तपासायचं कसं. गाडी बघायला जाताना पाण्याच्या दोन बाटल्या, एक टॉर्च आणि एक जुना टॉवेल न्या. आधी मालकाला सांगा की गाडी थंड राहू दे, आम्ही आल्याशिवाय सुरू करू नका. पोचलात की बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायला गाडी आधीच तापवून ठेवली आहे, निदान तसं समजून पुढचं बघा. मग इंजिन चालू ठेवून छत तीन वेळा उघडमिट करा. इंजिन चालू ठेवायचं कारण, बॅटरी अशक्त असेल तर छत रडतं आणि दोष उगाच छताला जातो. दुसऱ्या फेरीत अर्ध्यात बटण सोडा, थांबू द्या, पुन्हा दाबा. तिथून ते न अडखळता पुढे गेलं पाहिजे. दोन्ही बाजू एकाच वेगाने हलतात का बघा. एक बाजू मागे राहत असेल तर सिलिंडर किंवा केबल. कान द्या: पंपाचा एकसुरी आवाज ठीक, शेवटी कण्हल्यासारखा येत असेल तर तेल कमी.

मग पाणी. कापडी छत असेल तर मागच्या बाजूला, छत जिथे घडी होऊन बसतं त्या खळग्याच्या दोन्ही कोपऱ्यांत पाण्याला उतरायला भोकं असतात. बाटलीतलं पाणी हळूहळू ओता. मागच्या चाकाजवळ खाली धार आली पाहिजे. एका बाजूने धार आणि दुसरीकडे पाणी नुसतंच साचलं, तर ते पाणी आजवर कुठे गेलं ते शोधा. डिकीतलं कार्पेट उचला, मागच्या सीटखाली हात घाला, टॉवेल दाबून बघा. टूलकिटचा पाना बाहेर काढा. त्याच्यावर गंज असेल तर पाणी वर्षानुवर्षं आत येतंय, मालक काहीही म्हणो. वास घ्या. कुबट वासाच्या गाडीत नेमका लिंबाचा किंवा चंदनाचा परफ्यूम लटकवलेला असतो, हेही सांगून ठेवतो.

मुंबई पासिंगची कुठलीही गाडी असो, पुराची शंका मनात ठेवूनच बघायची. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, पट्ट्याच्या टोकाला मातकट रेघ दिसते का बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट, कार्पेटखालचे वायरिंगचे कनेक्टर. कनेक्टर हिरवे पडलेले असतील तर हात जोडून बाहेर पडा. युरोपियन गाडीचं वायरिंग पाण्यात गेलं की ती दुरुस्त होत नाही, फक्त एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते.

कापडाच्या बाबतीत घडी पडते ती जागा बघायची, विशेषतः मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंना. तिथे कापड घासून पांढुरकं झालंय का, शिवण उसवली का, काच आणि कापड यांचा जोड कुठे सुटलाय का. काचेचा जोड सुटला तर चिकटवून देणारे भेटतात, पण ते टिकत नाही. अख्खं छत बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

आता झेड4 बद्दल नीट बोलायला हवं, कारण मन तिच्यावरच बसलंय हे प्रश्नातूनच कळतंय. आणि का बसू नये? लांबलचक बॉनेट, मागच्या चाकांवर जवळजवळ बसलेले आपण, समोर तीन लिटरचं सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो इंजिन, 306 अश्वशक्ती, सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. वाईहून पसरणी घाट चढताना असा आवाज येतो की एसी बंद करून ऐकत बसावं. पण त्या इंजिनाची (एन54) ख्याती दोन्ही बाजूंनी आहे. हाय प्रेशर फ्यूएल पंप जातो. गाडी सकाळी सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ सेल मारावा लागला की संशय तिथे. इंजेक्टर महाग, आणि ते सहा आहेत. टर्बोचे वेस्टगेट (जादा धूर बाजूने सोडणाऱ्या झडपा) सैल झाले की ॲक्सिलरेटर सोडताना पत्र्याची डबी हलवल्यासारखा खुळखुळाट येतो. पाण्याचा पंप विजेवर चालणारा आहे, तो जाताना फारशी सूचना देत नाही. ऑइल फिल्टर हाउसिंग आणि टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून तेल झिरपतं. यातलं एकही काम अशक्य नाही, आम्ही करतोच. पण एकामागून एक निघाली तर वर्षभरात गाडीच्या किमतीचा चांगलाच हिस्सा तिकडे जातो.

आणि ते 22,000 किलोमीटर. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं असणार. वर्षाला सरासरी दीड हजार! लोकांना हे ऐकून आनंद होतो, मला धास्ती वाटते. रबर, प्लॅस्टिक आणि सील किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात. त्यात आकडा खरा असेल तर ती बहुतेक आयुष्य उभीच होती. आणि खोटा असेल तर मग बोलायलाच नको. बीएमडब्ल्यूत किलोमीटरची नोंद नुसत्या मीटरमध्ये नसते, गाडीच्या दुसऱ्या मॉड्यूलमध्ये (इलेक्ट्रॉनिक पेटीत) आणि चावीतही असते. मीटर मागे करणारे या सगळ्या जागा गाठतातच असं नाही. त्यामुळे नीट स्कॅनर लावून घ्या, दोन्ही चाव्या वाचून घ्या. दुसरी चावी "घरी राहिली" असेल तर ती आणल्यावर भेटू म्हणा. 45,000 चाललेली आणि दर वर्षीचं बिल फाइलला लावलेली झेड4 मला या 22,000 वालीपेक्षा कधीही चालेल.

झेड4 च्याच काळातल्या बीएमडब्ल्यू आणि मिनीमध्ये आणखी एक गंमत आहे. दिवे, खिडक्या वगैरे सांभाळणारं एक मॉड्यूल पायांजवळ असतं. बॅटरी पार बसली, किंवा बसलेल्या बॅटरीला कुणी धसमुसळेपणाने जंप स्टार्ट दिला, की हे मॉड्यूल कधी कधी मरतं. मग काचा खाली होत नाहीत, दिवे हवे तसे लागतात. उभ्या गाडीचा खर्च असा येतो, न चालवता.

कागदांमध्ये झेड4 ला एक वेगळीच खोच आहे. खासगी गाडीचं आरसी पंधरा वर्षांचं असतं. 2011 च्या गाडीची पंधरा वर्षं 2026 मध्ये भरतात. मग फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं, वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर भरायचा. एप्रिल 2022 पासून या पहिल्या नूतनीकरणाची फी साध्या चारचाकीला 5,000 रुपये आहे, आयात केलेल्या चारचाकीला 40,000. आणि झेड4 इथे जोडली जात नव्हती, अख्खी जर्मनीहून येत होती. हे 40,000 कुणाला बुडवणारे नाहीत, पण फेऱ्या, फिटनेस, मधल्या काळात गाडी रस्त्यावर आणता न येणं, हे सगळं विकणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं आहे. तो आत्ता का विकतोय याचं उत्तर बहुधा यातच सापडेल. त्याने नूतनीकरण करून द्यावं, नाहीतर भाव तेवढा खाली यावा.

एसएलके 350 गाडी म्हणून वाईट नाही. साडेतीन लिटरचं व्ही6, टर्बो नाही, त्यामुळे आमच्या दृष्टीने झेड4 च्या इंजिनापेक्षा सुसह्य. सुरुवातीच्या वर्षांतल्या या इंजिनांत सकाळी थंड सुरू करताना दोन-तीन सेकंद टायमिंग चेनचा खडखडाट येतो, टेन्शनरचं (चेन ताणून धरणाऱ्या भागाचं) काम असतं, ते ऐकूनच घ्या. अडचण हरियाणाची आहे. दुसऱ्या राज्याची गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यासाठी तिथल्या आरटीओचं ना-हरकत म्हणजे फॉर्म 28, इथला वाहन कर पुन्हा भरणं, आणि आयात गाडीला महाराष्ट्रात कराचा दर चढा आहे. हरियाणातून कर परत मिळवणं ही स्वतंत्र तपश्चर्या. दलाल म्हणेल, "साहेब, वापरा तशीच, कोण विचारतंय?" एक्स्प्रेसवेवर विचारतात. आणि तीन वर्षांनी तुम्ही विकायला काढाल तेव्हा घेणारा तर विचारणारच. हरियाणा पासिंगची गाडी स्वस्त दिसते त्याचं कारण हेच, आणि कर भरून झाला की ती स्वस्त राहत नाही. तरी मन होत असेल तर टोकनआधी इथल्या आरटीओतून कराचा नेमका आकडा काढून आणा.

बॉक्स्टर. 30 लाखांत मिळेल ती जुनी, 987 नावाच्या पिढीची, आणि 2009 च्या आधीच्या इंजिनांत सिलिंडरला ओरखडे पडण्याचा आणि आयएमएस (इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या) बेअरिंगचा धोका पोर्शेप्रेमींना पाठ असतो. 2009 पासूनच्या इंजिनात ते बेअरिंगच काढून टाकलं, म्हणून ती बरी, पण तिलाही पंधरा वर्षांचा तोच प्रश्न. दुप्पट बजेट झालं की पुढची पिढी, 981 बघा, आणि तेव्हा मला विचारायचीही गरज नाही. तिच्याएवढं सरळ स्टिअरिंग या यादीत कुणाचंच नाही.

मियाटा म्हणजे एमएक्स-5. माझदाने भारतात गाड्या अधिकृतपणे कधी विकल्याच नाहीत. त्यामुळे इथे एखादी दिसली तर ती कुणीतरी खासगी आयात केलेली. सीमाशुल्काचे मूळ कागद, बिल ऑफ एंट्री, बघितल्याशिवाय तिच्याजवळ उभं राहून फोटोही काढू नका. ड्युटी बुडवलेली गाडी जप्त झाली की शेवटच्या मालकाचे पैसे जातात. इंग्लंड-अमेरिकेतल्या आपल्या मंडळींनी मात्र डोळे झाकून तीच घ्यावी. तिथे जुनी एमएक्स-5 खालून गंजलेली नाही एवढं बघितलं की बाकी काम सोपं आहे.

तर मिनी. तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर आमच्या गॅरेजात चहाचे कप रिकामे होतात. पुढची चाकं ओढणारी, मागे नावापुरत्या दोन सीट. पण कूपर एसचं दोन लिटरचं टर्बो इंजिन 192 अश्वशक्तीचं आहे, गाडी छोटी, आणि ताम्हिणीतल्या वळणांना 306 अश्वशक्ती वापरायला जागा कुठे आहे? रुंद झेड4 मध्ये समोरून एसटी आली की श्वास रोखून डावीकडे सरकावं लागतं, मिनी निवांत निघून जाते. एक्स्प्रेसवेवर मर्यादा ताशी 100, घाटात 60. तिथे तर छत उघडून जाण्यातही मजा नाही, ट्रकचा धूर आणि धूळ तोंडात. तुमच्यासारख्यांचे खरे रस्ते म्हणजे पानशेत, मुळशी-ताम्हिणी, पसरणी, फार तर दिवाळीनंतर कुंभार्ली. या रस्त्यांवर छोटी गाडी जास्त हसवते.

2016 पासूनच्या या मिनीचं इंजिन (बी48) आधीच्या पिढीच्या 1.6 लिटर इंजिनापेक्षा पुष्कळ भरवशाचं. त्या जुन्यात टायमिंग चेन आणि थर्मोस्टॅट हाउसिंग यांनी जीव नकोसा केला होता, म्हणून 2015 पर्यंतची मिनी कन्व्हर्टिबल कितीही स्वस्त असो, घेऊ नका. नव्यातही ऑइल फिल्टर हाउसिंगजवळ तेल किंवा कूलंट झिरपतंय का ते टॉर्चने बघा. इंजिन माउंटिंग बसलं असेल तर गिअर टाकताना धक्का आणि उभ्या गाडीत स्टिअरिंगला थरथर जाणवते. बॉनेट उघडून शॉकअब्सॉर्बर वर जिथे बसतो तिथल्या पत्र्यावरून, बोल्टच्या भोवती, बोटं फिरवा. खड्ड्यांत जोरात आदळलेल्या मिनीत तो पत्रा वर फुगतो, हाताला उंचवटा लागतो. जुन्या पिढीत हे जास्त, पण आपले रस्ते पाहता तपासायला काय जातं. खराब रस्त्यावर छत बंद करून चालवा: काचेची फ्रेम थोडी कुरकुरणार, ते ओपन टॉपला माफ. दाराची काच आणि छताचं रबर यांच्यामधून शिट्टी येत असेल तर मात्र रबर गेलं किंवा दार कधीतरी ठोकलं गेलंय.

टायर बघताना नक्षी नंतर, तारीख आधी. बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2117 असेल तर ते कारखान्यातूनच आलेले टायर, नक्षी कितीही कोरी दिसली तरी बदलायचे. मिनीला आणि झेड4 ला मूळचे टायर रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे), स्टेपनी नाही, आणि रनफ्लॅटचा भाव ऐकून बसायला खुर्ची लागते. काही जण साधे टायर घालून डिकीत पंक्चर किट ठेवतात. रविवारच्या गाडीला मला ते पटतं, गाडी मऊही चालते. पण ताम्हिणीत फोनला रेंज नसते, हे विसरू नका.

कागदांत मिनीचं काम सरळ आहे. परिवहनच्या पोर्टलवर आरसी, इन्शुरन्स, चलन बघा. कर्ज होतं का, असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरचे फॉर्म 29 आणि 30. इन्शुरन्स चौदा दिवसांत तुमच्या नावावर करून घ्यायचा, नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तुमच्याकडे येत नाही. पहिला मालक कंपनी होती की व्यक्ती तेही बघा, कंपनीच्या नावावर असेल तर त्यांचा ठराव लागतो. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर) सहसा पहिल्या पाच-सात वर्षांपुरतंच मिळतं, तेव्हा छताला काही झालं तर इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका.

पैशाचं गणित: 30 लाख आहेत तर 25 ची गाडी शोधा. उरलेल्यातून ट्रान्सफर, इन्शुरन्स, चार टायर, सगळी ऑइलं, बॅटरी, ब्रेक फ्लुइड, आणि पहिल्या सहा महिन्यांत जे निघेल ते. काहीच निघालं नाही तर पुढच्या वर्षी वापरा, कुठे जात नाहीत.

घरी आणल्यावर एकच गोष्ट लगेच करायची: सोसायटीकडून पार्किंगमध्ये प्लग पॉइंट घेणं. आता इलेक्ट्रिक गाड्यांमुळे समितीला हा अर्ज नवा राहिलेला नाही. तिथे बॅटरी मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावून ठेवा, अर्ध्या कटकटी तिथेच संपतात. दर आठवड्याला खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन चालू करायची सवय असते लोकांना, ती लावून घेऊ नका. बॅटरी भरत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. काढायची तर अर्धा-पाऊण तास फिरवून आणा. आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकामी नको. कापडी छत नेहमी बंद ठेवून उभी करा, ओलं असताना कधीच घडी करू नका, आणि धुताना प्रेशर जेट त्याच्या जवळ आणू देऊ नका. वर प्लॅस्टिकचं कव्हर टाकलंत तर आत बुरशी, हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या. उंदरांसाठी बॉनेटखाली जाळी किंवा स्प्रे, जे तुमच्या बेसमेंटला लागू पडेल ते. पण गाडीत शेंगदाण्याचं एक टरफलही राहू देऊ नका.

मिनीच्या मालकाला आज फोन करून तीन गोष्टी विचारा: सर्व्हिसची बिलं मेलवर पाठवाल का, दुसरी चावी आहे का, आणि लिफ्टवर चढवून खालून बघू द्याल का. तिन्हीला हो म्हणाला तर येत्या शनिवारी सकाळी लवकरची वेळ ठरवा. लिफ्टला नाही म्हणाला तर ही मिनी सोडा, पुण्या-मुंबईत दुसरी येते. दिवाळीनंतर थंडीत सगळ्यांनाच ओपन टॉप आठवते आणि भाव ताठ होतात. जूनमध्ये मालकाला छताची काळजी लागलेली असते, तेव्हा बोलणी सोपी जातात, आणि ड्रेनची परीक्षा तर पाऊसच घेऊन देतो.